पुलापलीकडची गावे

मुंबईहून पुण्याकडे येणारा प्रवासी बोरघाट चढून वर आला की मावळ तालुक्यात प्रवेश करतो. या घाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. जुना मुंबई-पुणे रस्ता त्याहूनही आधीचा, आणि द्रुतगती मार्ग या शतकाच्या आरंभी पूर्ण झालेला. देशातील दळणवळणाच्या तीन पिढ्या या एका तालुक्यात शेजारी शेजारी नांदत आहेत, असे म्हणावयास हरकत नाही. कान्हे-वडगावच्या टप्प्यात हे तिन्ही मार्ग इंद्रायणीच्या दक्षिण अंगाने जातात. कान्हे फाट्यावरून उत्तरेस वळून इंद्रायणीवरील पूल ओलांडला की टाकवे बुद्रुक लागते आणि तेथून आंदर मावळ सुरू होतो.

टाकवे हे आंदर मावळाचे दार आहे. वडेश्वर, माऊ, डाहुली, कुसूर, खांडी, सावळा ही गावे आणि त्यांच्या डोंगरउतारावरील ठाकर, कातकरी व महादेव कोळी समाजाच्या वाड्या-वस्त्या यांचा बाजार, दवाखाना, महाविद्यालय, तहसील कचेरी आणि रेल्वेचे स्थानक या सर्वांशी असलेला संबंध बव्हंशी या एका रस्त्याने आणि एका पुलाने जोडलेला आहे. टाकव्याच्या परिसरात कारखाने आल्यापासून मालमोटारींची भर पडली. पहाटे दुधाचे कॅन, मग कामगारांच्या गाड्या, मग शाळा-महाविद्यालयांची मुले, आणि या सर्वांच्या मधूनच अवजड मालाची वाहतूक, असा त्या रस्त्याचा दिनक्रम असतो.

पूर्वी या खोऱ्याचे तोंड कोकणाकडेही होते. कुसूर घाटाची पायवाट उतरून भिवपुरी व कर्जतकडे माल जात-येत असे. टाटांच्या कंपनीने ठोकरवाडी येथे धरण बांधून १९२२ साली आंद्रा खोऱ्याचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून पश्चिमेस भिवपुरीच्या वीजगृहाकडे वळविले. बंगालच्या उपसागराकडे जावयाचे पाणी कोकणात उतरले आणि त्यावर मुंबईचे दिवे लागले. पाण्याला घाट उतरण्याची सोय झाली. माणसांच्या वाटेला मात्र जलाशयाच्या कडेकडेने वळसे घेत पूर्वेकडेच यावे लागले.

हा सर्व पूर्वेतिहास सांगण्याचे कारण असे की, पावसाळी प्रदेशातील रस्ते व पूल यांचा विचार करताना आपण सहसा किनाऱ्यावरील जिल्ह्यांपुरता विचार करतो. वस्तुतः सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणाऱ्या पावसाचे अर्धे पाणी कोकणच्या खाड्यांना मिळते आणि उरलेले घाटमाथ्याच्या पूर्वेकडील मावळांतून वाहते. जो पाऊस महाडला पूर आणतो त्याच पावसाने इंद्रायणी दुथडी भरते. म्हणून आंदर मावळाला आपले धडे कोकणातून घ्यावे लागतील, आणि कोकणाला काही धडे मावळातून घेता येतील.

पूल का पडतो?

पूल भाराने मोडतो अशी सर्वसामान्य समजूत आहे. पूर असलेल्या नदीवर मात्र बहुधा पाण्यानेच पूल जातो, आणि तोही वरून नव्हे तर खालून. खांबाला अडून पाण्याचा प्रवाह खाली वळतो, खांबाच्या पायथ्याशी भोवरा धरतो आणि तेथील वाळू, गोटे, माती उकरून नेतो. पूर ओसरताना हा खड्डा पुन्हा गाळाने भरून येतो. म्हणून उन्हाळ्यात पाहणी करणाऱ्यास सर्व काही ठाकठीक दिसते. वरून डांबर नवे, कठड्यांना रंग ताजा आणि पाया मात्र पोकळ, अशी स्थिती असू शकते. पुलाच्या आसपासच्या पात्रातून वाळूचा बेसुमार उपसा झालेला असेल तर हे काम नदी अधिक वेगाने करते. ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानी ठेवावी. वाळूचा प्रश्न केवळ महसुलाचा नाही, तो पुलाच्या पायाचा आहे.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरील महाडजवळचा सावित्री नदीवरील जुना दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला. तो ब्रिटिश अमदानीत बांधलेला होता. शेजारी नवा पूल उभा असूनही एका दिशेची वाहतूक जुन्या पुलावरूनच चालू होती. राज्य परिवहनाच्या दोन गाड्या आणि काही खासगी वाहने काळोखात पुराच्या पाण्यात गेली; चाळिसाच्या आसपास माणसे प्राणास मुकली. पुढचा पूल पडला आहे हे मागून येणाऱ्या चालकास कळण्याचा कोणताही उपाय त्या रात्री नव्हता. नंतर अवघ्या १६५ दिवसांत नवा पूल बांधून झाला आणि जून २०१७ मध्ये तो वाहतुकीस खुला करण्यात आला. मनात आणले म्हणजे यंत्रणा किती वेगाने काम करू शकते याचे ते उदाहरण होय. परंतु हा वेग महामार्गाच्या वाट्यास आला. ग्रामीण मार्गावरचा एखादा साकव वाहून गेला तर तेथे १६५ दिवसांची गोष्ट कोणी बोलत नाही, हेही येथे नमूद करावयास हवे.

पुलाचा दुसरा दुबळा भाग म्हणजे त्याच्या दोन्ही टोकांचे मातीचे भराव. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वर येथे चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. त्या आपत्तीत चिपळूण आणि महाड ही शहरे बुडाली, आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणी तुटला, आणि चिपळूणजवळ वाशिष्ठीवरील पुलाच्या टोकाचा भाग वाहून गेल्याने महामार्ग बंद पडला. पूल जागेवर असून चालत नाही. त्यावर चढता आले पाहिजे. पुराचे पाणी पुलाखालून जाण्यास जागा अपुरी पडली की ते बाजूने वाट काढते आणि भराव धुऊन नेते. म्हणून पुलाची किंमत कमी करण्यासाठी दोन-तीन गाळे कमी करून त्या जागी भराव टाकणे, ही आरंभी काटकसर वाटली तरी पुढे ती महाग पडते.

येथे 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' या शब्दप्रयोगाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण त्याचा विपरीत अर्थ घेतला जातो. असा पूर एकदा येऊन गेला म्हणजे पुढची शंभर वर्षे निश्चिंती, असा त्याचा अर्थ नाही. कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक, एवढाच त्याचा अर्थ. पुलाचे आयुष्य पन्नास वर्षे धरले तर त्या अवधीत असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात जवळजवळ चाळीस होते. गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात अवश्य करून घ्यावे. शिवाय ही शक्यता जुन्या पर्जन्यनोंदींवरून काढलेली असते. अलीकडे थोड्या तासांत फार मोठा पाऊस पडण्याचे प्रसंग वाढले असल्याने जुना हिशेब पुन्हा मांडून पाहणे भाग आहे.

बुडणारा पूल आणि पडणारा पूल

प्रत्येक ओढ्यावर उंच पूल बांधणे कोणत्याही शासनास परवडणारे नाही. म्हणून आपल्याकडे फरशी पुलांची पद्धत आहे. पूर आला की फरशी पाण्याखाली जाते, ओसरला की वर येते. ही पद्धत मुळात चुकीची नाही. जपानमध्ये शिकोकू बेटावरील शिमांतो नदीवर पाण्याखाली जाणारे असे अनेक पूल आहेत. त्यांना मुद्दामच कठडे ठेवलेले नाहीत, कारण कठड्यांत झाडे-झुडपे व ओंडके अडकले की पाण्याचा रेटा पुलावर येतो. तेथील लोकांनी हे पूल जुने म्हणून टाकून दिले नाहीत, आवर्जून जतन केले. बुडण्यासाठी बांधलेला पूल बुडाला तरी शाबूत राहतो. बुडू नये म्हणून बांधलेला पण बुडालेला पूल मात्र धोक्याचा.

फरशी पुलाची खरी अडचण बांधकामापेक्षा शिस्तीत आहे. पाणी फरशीवरून वाहत असताना कोणी तरी 'एवढ्याशा पाण्याने काय होते' म्हणून मोटारसायकल घालतो. गुडघाभर वाहते पाणी माणसाचे पाय उचलू शकते, आणि थोडे अधिक झाले की मोटारीलाही तरंगवून नेते. पाणी किती खोल आहे हे काठावरून दिसत नाही आणि खालची फरशी शाबूत आहे की नाही तेही कळत नाही. यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दोन्ही टोकांस उभी केलेली रंगीत मापनपट्टी, तांबड्या खुणेपर्यंत पाणी आले की आडवा टाकावयाचा बांबू, आणि तो टाकण्याची जबाबदारी ज्याच्यावर सोपविली आहे असा एक गावकरी. यास निविदा लागत नाही.

इंद्रायणीवरच, टाकव्याच्या खालच्या अंगास, कुंडमळा येथे १५ जून २०२५ रोजी जे घडले ते मावळातील कोणी विसरणार नाही. शेतकऱ्यांना नदी ओलांडता यावी म्हणून सुमारे तीस वर्षांपूर्वी बांधलेला लोखंडी पूल रविवारी दुपारी पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळला. चार जण मृत्युमुखी पडले, पन्नासहून अधिक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे लावलेला होता आणि नव्या पुलास मंजुरीही मिळालेली होती. या घटनेचा ऊहापोह पर्यटकांच्या बेशिस्तीच्या अंगाने पुष्कळ झाला आणि तो गैरलागू नव्हता. परंतु प्रस्तुत लेखकास दुसरी बाजू अधिक विचारार्ह वाटते. पूल धोकादायक ठरविला की तो बंद करणे प्राप्त होते. मात्र पलीकडे शेत असलेल्या माणसाने त्या दिवसापासून कोठून जावे, हेही त्याच आदेशात सांगितलेले असावयास हवे. पर्याय दिला नाही की बंद केलेला पूल गरजेने पुन्हा चालू होतो, आणि एकदा गावकरी जाऊ लागला की पाहुण्यास फलक दिसत नाही.

कोणाचा रस्ता आधी?

आता दुसरा, आणि माझ्या मते अधिक अवघड, प्रश्न. मजबुती ही पैशाने विकत घेता येते. ती कोणास आधी द्यावयाची हे ठरविणे कठीण. रस्त्याची सुधारणा करावयाची की नाही हे ठरविताना वाहनांची गणती पाहिली जाते. ज्या रस्त्यावर वाहने अधिक त्यास प्राधान्य, हा नियम वरकरणी न्याय्य दिसतो. परंतु जो रस्ता पावसाळ्यात बंद असतो, ज्यावर गाडी जाऊच शकत नाही, त्यावर वाहने मोजून मिळणार ती किती? डोक्यावर भाताचा भारा घेऊन चालत येणारी बाई वाहनगणतीत येत नाही. गणती कोरड्या दिवसांत झाली तर पावसाळ्यातील अडचणीचा तीत मागमूसही राहत नाही. रस्ता वाईट म्हणून वाहने नाहीत, आणि वाहने नाहीत म्हणून रस्ता वाईट, असे हे चक्र आहे.

लोकसंख्येच्या अटीचेही असेच होते. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने गावाऐवजी वस्ती हा घटक धरला, ही मोठी सुधारणा होय. सपाटीच्या प्रदेशात ५०० लोकवस्तीची अट ठेवून डोंगरी राज्ये, वाळवंटी प्रदेश व अनुसूचित क्षेत्रे यांसाठी ती २५० वर आणण्यात आली. पुणे जिल्ह्यातील अनुसूचित क्षेत्र आंबेगाव व जुन्नर तालुक्यांत आहे; मावळात नाही. साहजिकच आंदर मावळातील दोन-अडीचशे वस्तीची ठाकरवाडी डोंगरात असूनही कागदोपत्री सपाटीवर येते. येथे कोणाचा दोष काढावयाचा नाही, नियमास कोठे तरी रेषा ओढावीच लागते. परंतु रेषेपलीकडे राहिलेल्यांसाठी राज्याच्या योजनांतून व जिल्हा वार्षिक योजनेतून तरतूद करण्याचा मार्ग मोकळा असतो आणि २०१५ पासूनची मुख्यमंत्री ग्रामसडक योजनाही त्याच हेतूने आली आहे. प्रस्ताव कोणी तरी मांडला पाहिजे, इतकेच.

रस्ता नसण्याची किंमत काय असते ते १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीने दाखविले. डोंगर कोसळून ठाकर समाजाची वस्ती गाडली गेली. पायथ्यापासून वाडीपर्यंत मोटाररस्ता नव्हता. बचावपथके चिखलातून डोंगर चढून गेली, माती उपसणारी यंत्रे मात्र वर जाऊ शकली नाहीत. जे काम यंत्रांनी करावयाचे ते माणसांनी हातांनी केले. शोधकार्य थांबविले तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. याउलट माळीणचे उदाहरण पाहा. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील हे गाव दरडीखाली गेले. सकाळची एस.टी. घेऊन आलेल्या चालकास गावच दिसेना, आणि त्याच्याकडून ही वार्ता बाहेर पोहोचली. तेथेही १५१ माणसे गेली. परंतु त्या दिवशी गाडी आली नसती तर गाव गेल्याचे कळावयास किती वेळ लागला असता कोण जाणे. एस.टी.ची फेरी ही उतारूंपुरती नसते, ती त्या खोऱ्यावर रोज फिरणारी एक नजरही असते. उत्पन्न कमी म्हणून शेवटच्या गावाची फेरी बंद करताना ही गोष्ट जमाखर्चात येत नाही.

सवलतींचेही तसेच आहे. मुलींना शाळेसाठी एस.टी.चा मोफत पास आहे. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. या योजनांचे मोल मोठे आहे. पण सवलत गाडीत बसल्यावर मिळते. गाडी पुलाच्या अलीकडे थांबली तर पलीकडच्या मुलीच्या पासाला अर्थ उरत नाही, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत वारंवार शाळा बुडालेली मुलगी पुढे शाळेतूनच काढून घेतली जाते, हे शिक्षकांना सांगावयास नको. शेतीचेही वेळापत्रक पावसाशीच बांधलेले. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून निघालेला 'इंद्रायणी' भात आज घरोघरी माहीत झाला आहे. त्याची लावणी जुलैत, खताची गरज त्याच सुमारास, आणि रस्ता बंद पडण्याचे दिवसही तेच.

मोठ्या कामाआधीची कामे

मजबूत रस्ता म्हणजे केवळ जाड काँक्रीट नव्हे. कोकण रेल्वेचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि पुढच्याच वर्षी करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांमुळे भीषण अपघात झाले. त्यानंतर डोंगरउतार छाटणे, जाळ्या लावणे ही कामे झालीच, पण त्यासोबत पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक काटेकोरपणे पाळले जाऊ लागले. पावसाळ्यात गाड्या धिम्या चालतात, रात्रंदिवस गस्त असते, पर्जन्यमापके बसविली आहेत, आणि काळ, सावित्री व वाशिष्ठी या नद्यांवरील पुलांना पाण्याची पातळी कळविणारी यंत्रणा जोडली आहे. पावसापुढे वेग कमी करण्यात कमीपणा मानला गेला नाही. गावरस्त्यांना असे पावसाळी वेळापत्रक का नसावे? अवजड मालमोटारींना जोराच्या पावसात पुलावर मनाई, शाळेच्या गाडीस आधी वाट, पूर असेल त्या दिवशी दूधसंकलन अलीकडे न करता पलीकडेच करण्याची सोय, या गोष्टी कारखानदार, ग्रामपंचायत आणि आगार व्यवस्थापक एकत्र बसल्यास ठरू शकतात.

दुसरे काम रस्त्याच्या कडेच्या गटारांचे. डांबराचा शत्रू वाहनाचे चाक नसून साचलेले पाणी आहे. घाटउतारावर वरच्या अंगाचे गटार दगडमातीने बुजले की पाणी रस्त्यावरून वाहते, साईडपट्टी तुटते, आणि एक-दोन पावसाळ्यांत अर्धा रस्ता दरीत जातो. मेअखेर गटारे व मोऱ्या साफ करणे हे काम निधीअभावी अडणारे नव्हे. रोजगार हमीच्या परंपरेत वाढलेल्या महाराष्ट्रास तर ते मुळीच अवघड नाही.

मालकीविषयीचा घोळ मात्र आधी निस्तरला पाहिजे. सर्वसाधारणपणे राज्य मार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. वाडीला जाणारी वाट बहुधा कोणाच्याच नोंदवहीत नसते. रस्ता ज्या वर्गात नोंदलेला त्याच वर्गातून निधी मिळतो. नोंदच नसेल तर अर्ज कितीही केले तरी ते परत येतात. म्हणून आपल्या हद्दीतील प्रत्येक वाट, साकव, मोरी व फरशी कोणत्या क्रमांकाने नोंदली आहे हे ग्रामसेवकांकडून समजून घेणे, हे सरपंचांचे पहिले काम. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवावयाच्या २९ विषयांत रस्ते, मोऱ्या, पूल, तरी व जलमार्ग यांचा स्पष्ट उल्लेख आहे, हेही त्यांनी ध्यानात ठेवावे.

त्यानंतर नोंदवही. पुलाच्या खांबावर रंगाने फुटांच्या खुणा कराव्यात आणि पावसाळाभर रोज सकाळी पाणी कोठवर आले ते लिहून ठेवावे. शाळेतील वरच्या वर्गाची मुले हे काम काठावर उभे राहून, शिक्षकांच्या देखरेखीखाली, आनंदाने करतात. कोणत्या तारखेस रस्ता किती तास बंद होता, त्या दिवशी कितीजण शाळेत आले नाहीत, किती लिटर दूध परत गेले, कोणा गरोदर बाईस किंवा आजाऱ्यास झोळीतून न्यावे लागले, एवढे रकाने पुरेत. तीन पावसाळ्यांची अशी वही हाती असली म्हणजे वाहनगणतीत न दिसणारी गोष्ट अभियंत्याच्या टेबलावर आकड्यांत दिसते, आणि पुलाची उंची ठरविताना त्या खुणा त्यासही उपयोगी पडतात.

१५ ऑगस्टची ग्रामसभा भर पावसात येते. रस्त्याचे हाल तेव्हा सर्वांच्या डोळ्यांपुढे असतात आणि शेवटच्या वाडीतील माणसे चिखल तुडवत आलेली असतात. बंद पडणाऱ्या वाटांची यादी त्याच सभेत वाडीवार लिहून घ्यावी, लांबच्या वाडीचे नाव प्रथम. २ ऑक्टोबरच्या सभेत ती वहीतील आकड्यांसह ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घालता येते आणि तेथून पुढे पंचायत समिती व जिल्हा नियोजन समितीकडे जाते. मार्चमध्ये निधी शिल्लक आहे असे कळल्यावर केलेल्या प्रस्तावात बहुधा रस्त्याच्या सुरुवातीच्या, सोप्या टप्प्याचेच डांबरीकरण पुन्हा होते.